घर डळमळतं तेव्हा: गरीब आई-बापांच्या आधारगटांबद्दल सोप्या भाषेत

धारावीच्या पुनर्विकासाची बातमी आली की तिच्यात दोन शब्द हमखास असतात: पात्र आणि अपात्र. १ जानेवारी २००० च्या आधीपासून तळमजल्यावर राहत असल्याचा पुरावा असेल, तर धारावीतच ३५० चौरस फुटांचं घर मोफत. त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंत आलेल्यांना धारावीबाहेर, मुंबई महानगर प्रदेशात, ३०० चौरस फुटांचं घर अडीच लाख रुपये भरून. त्याहून उशिरा आलेल्यांना आणि माळ्यावर राहणाऱ्यांना भाड्याचं घर, पुढे हप्त्यांनी विकत घेण्याची सोय असलेलं. ही सगळी वर्गवारी वर्तमानपत्राच्या एका चौकटीत मावते. पण ज्या घरात एक मूल दुसरीत आहे आणि दुसरं अंगणवाडीत, तिथल्या आई-बापाला त्या चौकटीतून एवढंच कळतं की आपल्याबद्दल काहीतरी ठरतंय आणि ते आपल्या हातात नाही.

अशा वेळी कोणी ना कोणी सांगतं, "एकटे धावपळ करू नका, गटात या." सल्ला बरोबर आहे असं मला मनापासून वाटतं, पण तो फार मोघम दिला जातो. गटात जाऊन नेमकं होतं काय? अडचणीतली दहा कुटुंबं एकत्र बसली म्हणून घर थोडंच उभं राहतं? हा प्रश्न रास्त आहे. मुंबईकडे त्याचं चाळीस वर्षांचं उत्तरही आहे.

आधी अडचण काय ते पाहू

"घराचा प्रश्न" म्हटलं की डोळ्यांसमोर फुटपाथ येतो. प्रत्यक्षात गरिबाचं घर अनेक तऱ्हांनी डळमळतं. कोणी अकरा महिन्यांच्या करारावर खोलीत राहतं. करार संपत आला की मालक भाडं वाढवतो किंवा खोली रिकामी करायला सांगतो, आणि नव्या खोलीसाठी पुन्हा डिपॉझिट, पुन्हा एजंटची दलाली. कोणाची झोपडी पुनर्वसन योजनेत गेलेली असते. त्या योजनेत झोपडी पाडून त्याच जागी इमारत बांधतात आणि ती होईपर्यंत बिल्डर भाडं देतो. ते भाडं मध्येच थांबलं की बाहेरच्या खोलीचा मालक दारात उभा. भाडं थकवल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने २०२३ मध्ये बिल्डरांना दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करायला सांगितलं. कोणी दिराच्या नाहीतर भावाच्या घरी पडदा लावून राहतं. कागदावर ते बेघर नसतात, पण त्यांना घर आहे असंही म्हणता येत नाही.

पदरी मूल असलं की यातली प्रत्येक गोष्ट दुप्पट जड होते. खोली बदलली की शाळा लांब पडते. शाळा बदलायची तर दाखला हवा. बाळाची लस कुठल्या केंद्रात घ्यायची, रेशन कुठल्या दुकानातून उचलायचं, नव्या वस्तीत मूल कोणाकडे सोडून कामाला जायचं, हे सगळं एकाच आठवड्यात अंगावर येतं. घरकाम करणाऱ्या बाईची तर कामंच जुन्या वस्तीच्या आसपास असतात. चार किलोमीटर लांब राहायला गेली की सकाळचं पहिलं काम सुटतं, कारण मुलाला शाळेत सोडून तिथे वेळेवर पोचता येत नाही.

आणि याच्या जोडीला लाज असते. भाडं थकलंय हे शेजारणीलाही सांगत नाहीत. मुलांना तर नाहीच नाही. त्या लाजेमुळे माणूस एकटा पडतो, आणि एकट्याला फसवणं सोपं असतं.

आधारगट म्हणजे काय

सारखीच अडचण सोसत असलेल्या किंवा सोसून बाहेर पडलेल्या माणसांनी ठरावीक वेळी भेटून एकमेकांना केलेली मदत, एवढीच आधारगटाची व्याख्या. त्यात समुपदेशक नसतो, साहेब नसतो, "लाभार्थी" कोणी नसतो. एखादी संस्था जागा देईल, एखादी ताई सुरुवातीला बैठका चालवेल, पण बोलणारी आणि ऐकणारी माणसं एकाच परिस्थितीतली असतात. या लेखात मी त्याला नुसतं "गट" म्हणेन.

संस्थेचा कार्यकर्ता किंवा सरकारी कर्मचारी जे सांगतो त्यापेक्षा गटात वेगळं काय मिळतं? लोकलचं वेळापत्रक स्टेशनवर लावलेलं असतं आणि ते खरंही असतं. पण कुठल्या डब्यात चढलं की उतरल्यावर जिना समोर येतो, कुठल्या गाडीत मूल कडेवर घेऊन शिरायचं नाही, हे रोजचा प्रवासीच सांगतो. योजनेची माहिती वेळापत्रकासारखी असते. "त्या खिडकीवर अर्ज देऊ नकोस, आत आवक-जावकला दे आणि शिक्का मारून पोच घे" हे ती वाट आधी तुडवलेली बाईच सांगते. अर्ज हरवला असं पुढे कोणी म्हणालं, तर ती शिक्क्याची पोच हाच काय तो आधार असतो.

एकट्याला हे का सुचत नाही

यावर काहींना वाटतं, यात एवढं काय, थोडं डोकं चालवलं तर कोणालाही जमेल. इथे एक अभ्यास सांगितला पाहिजे. तामिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांची संशोधकांनी दोनदा चाचणी घेतली: एकदा तोडणीच्या आधी, हातात पैसा नसताना, आणि एकदा ऊस गेल्यावर, पैसे मिळाल्यानंतर. माणसं तीच, चाचणीही त्याच प्रकारची. पैशाच्या चणचणीत असताना त्यांचे गुण स्पष्टपणे कमी आले. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. अर्थ असा की टंचाईची चिंता डोक्यातली जागा अडवते, आणि विचार करायला, आठवायला, पुढचं आखायला उरते ती जागा थोडी.

म्हणजे ज्या आईला महिनाअखेरीला खोली सोडायची आहे, तिच्याकडून ऐन तेव्हाच आपण सगळ्यात अवघड काम मागतो: दहा कागद गोळा कर, तारखा लक्षात ठेव, साहेबांशी नीट बोल, मुलांसमोर रडू नकोस. तिची हुशारी कमी पडत नसते, तिचं डोकं आधीच भरलेलं असतं. गटाचा पहिला उपयोग हा. ज्या महिन्यात तुमचं डोकं भरलेलं आहे त्या महिन्यात दुसऱ्या कोणाचं मोकळं असतं, आणि ती तुमच्यासाठी तारीख लक्षात ठेवते. पुढच्या महिन्यात तुम्ही तिच्यासाठी.

भायखळ्याच्या फुटपाथवर काय घडलं

जुलै १९८१ मध्ये, भर पावसात, मुंबईच्या फुटपाथवरची माणसं हटवण्याचा आदेश निघाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १० जुलै १९८५ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. न्यायालयाने एक मोठी गोष्ट मान्य केली: जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, आणि ही माणसं फुटपाथवर राहतात कारण त्यांचं काम तिथे जवळ आहे. मात्र रीतसर नोटीस देऊन महापालिका त्यांना हटवू शकते, असंही त्याच निकालात म्हटलं. १९७६ च्या गणनेत नोंद असलेल्यांना पर्यायी जागा द्यावी आणि पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, कोणाला हटवू नये, असं ठरलं. हक्क मिळाला, घर मिळालं नाही.

त्याच काळात नागपाडा-भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायका आणि १९८४ मध्ये सुरू झालेली 'स्पार्क' ही संस्था यांनी एक काम हाती घेतलं. फुटपाथवर राहणाऱ्यांची मोजणी. सुमारे सहा हजार कुटुंबांची माहिती गोळा झाली: कुठून आले, किती वर्षं झाली, काय काम करतात. तोवर फुटपाथवरची माणसं म्हणजे "आज इथे, उद्या तिथे" असाच समज होता. आता त्यांची यादी झाली. यादी झाली की बोलणी करता येतात.

१९८६ मध्ये या बायकांचं 'महिला मिलन' उभं राहिलं. त्यांच्यासोबत होतं जोकिन अर्पुथम यांचं 'नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन', म्हणजे झोपडपट्टीत राहणाऱ्यांची संघटना. जोकिन स्वतः मानखुर्दच्या जनता कॉलनीतले. ती वस्ती १९७६ मध्ये पाडली गेली आणि रहिवाशांना चीता कॅम्पमध्ये हलवण्यात आलं. पुढे जोकिन यांना २००० मध्ये मॅगसेसे पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. घर पाडलं जाणं म्हणजे काय हे माहीत असलेला माणूस घर पाडल्या जाणाऱ्यांबरोबर बसला, हीच या कामाची जात होती.

महिला मिलनचं रोजचं काम अगदी साधं होतं: बचत. वस्तीतलीच एक बाई दारोदार फिरून रोज एक-दोन रुपये गोळा करायची. अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मग हिशोब कसा ठेवायचा? प्रत्येकीची एक प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात रंगीत कागदाचे तुकडे. एका रंगाचा तुकडा एका रकमेचा. पैसे दिले की तुकडा पिशवीत पडायचा. आपली बचत किती हे पिशवी उघडून कोणालाही मोजता यायचं, आणि गोळा करणाऱ्या बाईलाही लपवालपवीला वाव नव्हता. मूल आजारी पडलं, कामावरून काढलं, झोपडं तुटलं, की त्याच पैशातून चटकन कर्ज मिळे. सावकाराच्या दारात जावं लागत नसे.

पण बचतीचा खरा फायदा पैशापेक्षा मोठा होता. रोज गोळा करायला येणारी बाई रोज दारात उभी राहते. कोणाचा नवरा दारू पिऊन मारतोय, कोणाचं पोर शाळेत जाईनासं झालंय, कोणाला नोटीस आलीय, हे तिला त्याच दिवशी कळतं. महिन्यातून एकदा येणाऱ्या कार्यकर्त्याला ते कधीच कळणार नाही.

याच बायकांनी घर कसं हवं तेही स्वतः ठरवलं. साड्या आणि पुठ्ठे बांधून खऱ्या मापाचे नमुने उभे केले, आत बसून पाहिलं, मुलं झोपणार कुठे आणि स्वयंपाक कुठे यावर वाद घातले. त्यातून चौदा फूट उंचीची, पोटमाळा असलेली खोली पुढे आली. जागा वाढवणं परवडत नसेल तर उंची वाढवा, म्हणजे मुलांना वर झोपता-अभ्यास करता येईल. लहान जागेत पोरं वाढवलेल्यांनाच हे आधी सुचावं यात नवल नाही.

मानखुर्दच्या मिलन नगरात यातल्या कित्येक कुटुंबांना पुढे घरं मिळाली. केव्हा? २००० उलटून गेल्यावर. म्हणजे बचत सुरू झाली तेव्हा कडेवर असलेली मुलं तोवर कमावती झाली होती. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण गटाची गोष्ट सांगताना मधली वर्षं गाळायची सवय असते.

आजच्या गटात प्रत्यक्ष काय चालतं

एखाद्या वस्तीतली दुपारची बैठक पाहा. दोनच्या सुमारास, कारण तेव्हा कामावरून आलेल्या बायका आणि नळाला पाणी येण्याची वेळ यांच्यामध्ये तासभर मोकळा असतो. प्रत्येकीच्या हातात कागदांची पिशवी. एक जण सतरंजीवर कागद पसरते: आधार, रेशनकार्ड, जुनी लाइट बिलं, मतदार यादीचा उतारा, सर्व्हेची पावती, मुलाचा जन्मदाखला. शेजारची ते चाळते आणि बोट ठेवते: आधारवर "सुनीता", रेशनकार्डावर "सुनिता", लाइट बिल सासऱ्यांच्या नावावर आणि सासरे जाऊन सहा वर्षं झालेली. पात्रतेच्या यादीत, म्हणजे परिशिष्ट-२ मध्ये, नाव अडकतं ते बहुधा अशाच ठिकाणी. ती माणसं खोटी नसतात, त्यांच्या कागदांचा एकमेकांशी मेळ नसतो. यादी लागल्यावर हे कळलं तर अपील करत बसावं लागतं. यादीच्या आधी कळलं तर दुरुस्ती होते.

याच बैठकीत कळतं की पुनर्वसनाचं घर नवरा-बायको दोघांच्या नावावर होतं, आणि प्रधानमंत्री आवास योजनेतही घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर करण्याची अट आहे. ज्या घरात "तुझं नाव कशाला" असं ऐकावं लागतं, तिथे ही माहिती साहेबाकडून आली तर विसरली जाते. "माझं नाव लागलंय, बघ" असं म्हणत कागद दाखवणारी बाई समोर बसली असेल तर विसरली जात नाही.

मग सोबत. कार्यालयात एकटीने जाणं आणि तिघींनी जाणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिघींपैकी एक बोलते, दुसरी लिहून घेते, आणि तिसरी बाहेर मुलं सांभाळते. ती तिसरी नसेल तर पहिल्या दोघी जाऊच शकत नाहीत, हे विसरून चालणार नाही. पालकांच्या गटात मुलं सांभाळणं ही जोडसोय नसते, बाकीचं सगळं त्यावर उभं असतं.

गटात पिकणारी माहिती

काही नियम असे आहेत की कायद्यात आहेत, पण ज्याला हवेत त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. त्यातले तीन इथेच सांगून टाकतो.

पहिला, शाळेचा. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला एका शाळेतून दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. वयाचा पुरावा नाही किंवा वर्षाच्या मध्ये आलात, ही कारणंही चालत नाहीत. घर बदललेल्या कितीतरी मुलांचं वर्ष केवळ "दाखला आणा, मग बघू" या वाक्यापायी वाया जातं.

दुसरा, भाड्याचा. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. आणि सबळ कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडता येत नाही. हे माहीत असलेला भाडेकरू मालकाशी भांडेलच असं नाही, भांडूही नये कदाचित. पण "उद्या सामान बाहेर फेकतो" या धमकीने तो त्याच रात्री निघून जाणार नाही.

तिसरा, रेशनचा. 'एक देश, एक रेशनकार्ड' लागू झाल्यापासून अन्नसुरक्षा कायद्यातलं कार्ड असेल तर धान्य कुठल्याही रास्त भाव दुकानातून उचलता येतं. खोली बदलली म्हणून जुन्या दुकानापर्यंत रिक्षाने जायची गरज नाही.

"पण घर देणं हे सरकारचं काम आहे. ते गरिबांवरच का ढकलायचं?"

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. गरिबांनी बचत करावी, गरिबांनी मोजणी करावी, गरिबांनी एकमेकांचे अश्रू पुसावेत, आणि जमीन, निधी, निर्णय यांवर बसलेल्यांनी टाळ्या वाजवाव्यात, असं होत असेल तर ते अन्यायाचंच आहे. गट जमीन निर्माण करू शकत नाही, भाडं कमी करू शकत नाही.

पण गट नसला तर काय होतं तेही पाहिलं पाहिजे. योजना असते, निधी असतो, घरंसुद्धा असतात, आणि ज्याच्याकडे कागद, वेळ, ओळख आहे तो ती घेऊन जातो. गटामुळे सरकारची जबाबदारी संपत नाही. उलट ती टाळणं अवघड होतं, कारण समोर एक घाबरलेली बाई नसते, यादी घेऊन आलेल्या चाळीस बायका असतात. सरकारची जबाबदारी कमी करायला कोणी गटाचं नाव पुढे करत असेल, तर गटानेच त्याला उभं करू नये.

घर मिळणं म्हणजे शेवट नव्हे, हेही मुंबईने पाहिलं आहे. रेल्वे रुळांलगतची हजारो कुटुंबं २००० च्या आसपास मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी हलवली गेली, आणि वस्तीतल्या संघटनांनी मोजणी-स्थलांतरात मोठी मदत केली. रुळांजवळचा जीवघेणा धोका टळला. पण मानखुर्द-गोवंडीच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या चिकटून बांधल्या गेल्या की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही, आणि क्षयरोगाशी याचा संबंध असल्याचं अभ्यासकांनी २०१८ मध्ये मांडलं. चावी घेतानाच खिडकीचा प्रश्न विचारायला हवा होता. इमारतीच्या नकाशावर सही होण्याआधी आयांनी तो पाहिला असता तर काय बोलल्या असत्या, हे साडीच्या नमुन्यांची गोष्ट वाचल्यावर वेगळं सांगायला नको.

"गटामुळे फरक पडतो याचा पुरावा काय?"

बायकांच्या गटांचा नीट मोजलेला अभ्यास आपल्याकडे आहे, पण तो घराबद्दल नाही, बाळंतपणाबद्दल आहे. झारखंड आणि ओडिशाच्या खेड्यांत गावातल्याच बायकांच्या मासिक बैठका घेतल्या. तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू जिथे गट नव्हते त्या गावांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. मग त्याच धर्तीचा प्रयोग मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झाला. २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: गट असलेल्या आणि नसलेल्या वस्त्यांत फरक दिसला नाही.

गटांची बाजू घेणारे हा दुसरा निकाल सहसा सांगत नाहीत. मला तो फार शिकवणारा वाटतो. माझी समजूत अशी की खेड्यात बाळ कोरडं करणं, उबदार ठेवणं, स्वच्छ पात्याने नाळ कापणं या गोष्टी गटातल्या बायकांच्या हातात होत्या. शहरात पुढचं सगळं रुग्णालयाच्या हातात होतं. शिवाय माणसं सारखी घर बदलत असतात, त्यामुळे गट मुरत नाही. यावरून घराच्या गटांनी एक गोष्ट उचलावी: नुसतं बोलणं पुरत नाही. गटाच्या हातात काहीतरी हवं. बचतीचे पैसे, यादी, वकिलापर्यंतची वाट, कार्यालयात बसण्याची जागा. हातात काही नसलेला गट दोन महिन्यांत विरघळतो, आणि त्यात बायकांची चूक नसते.

"गटात भांडणं होतात, पैसे बुडतात, एखादी पुढारी होऊन बसते"

होतं. अगदी होतं. एकच बाई साहेबांना भेटते, तिच्याच ओळखीच्यांची नावं पुढे सरकतात, आणि बाकीच्यांना कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. पैशाचं तर विचारायलाच नको. याला उपाय जुनेच आहेत: हिशोब सगळ्यांसमोर, पेटीची किल्ली एकीकडे आणि वही दुसरीकडे, कार्यालयात दर वेळी वेगळी जोडी. आणि गटाने कोणाच्याही घराच्या कामासाठी कमिशन घ्यायचं नाही. "पाच हजार दे, नाव लावून देते" हे वाक्य ज्या दिवशी गटात ऐकू आलं त्या दिवशी तिथे आधार संपला आणि दलाली सुरू झाली.

चुकीची माहिती पसरण्याची भीतीही खरी आहे. "आता फॉर्म भरला नाही तर घर गेलं" असे मेसेज वस्तीत तासाभरात फिरतात. म्हणून ऐकलेल्या माहितीवर पैसे द्यायचे नाहीत की सही करायची नाही, आधी कार्यालयातून लेखी घ्यायचं, एवढा नियम तरी प्रत्येक गटात हवा. पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर तर न वाचता सही नकोच. ५१ टक्के संमती जमली की योजना पुढे जाते, त्यामुळे तुमच्या एका सहीची किंमत बिल्डरला तुमच्यापेक्षा जास्त कळते.

"बापमाणसं कुठे असतात?"

बहुतेक गट बायकांचे असतात. त्याची कारणं उघड आहेत, पण परिणाम असा होतो की घर, मूल, कागद आणि वर बैठक हे सगळं आईच्याच डोक्यावर येतं. ज्या गटांनी रविवारची एक बैठक वडिलांसकट ठेवली, तिथे दोन गोष्टी सोप्या होतात. सहीला घरात विरोध होत नाही, आणि थकलेल्या भाड्याचा आकडा नवरा-बायको पहिल्यांदा एकमेकांसमोर बोलतात. पुरुषांना लाज जास्त वाटते. शेजारच्या रिक्षावाल्याचंही तीन महिन्यांचं थकलंय हे कळलं की ती थोडी सैल होते.

एकल आयांची गोष्ट वेगळी. त्यांना खोलीच कोणी देत नाही. धर्म, जात, "मिस्टर कुठे असतात?" हे प्रश्न आधी, भाडं नंतर. इथे गटाचं काम जामीन राहण्याचं असतं: कोणता मालक हे प्रश्न विचारत नाही ते सांगणं, आणि खोली बघायला सोबत जाणं.

"आम्ही भाडेकरू. वर्षाला वस्ती बदलते. आमचा गट कसा टिकणार?"

वस्तीचा गट टिकणार नाही, हे खरं. पण मुलांच्या शाळेचा टिकू शकतो, कारण शक्यतो शाळा न बदलता खोली बदलायची असा बहुतेकांचा प्रयत्न असतो. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाशी उभ्या असलेल्या पालकांत घराची अडचण असलेले चार तरी असतातच. कामाच्या जागेचा गटही टिकतो: एकाच सोसायटीत घरकाम करणाऱ्या, एकाच नाक्यावर उभे राहणारे. खोली कुठे रिकामी होतेय ही बातमी एजंटच्या आधी अशा गटात पोचते, आणि एक महिन्याची दलाली वाचते.

सुरुवात करायची तर

नवा गट काढण्याआधी जवळ बचत गट आहे का बघा. महिला आर्थिक विकास महामंडळाचे, म्हणजे 'माविम'चे गट राज्यभर आहेत, महापालिकांचेही असतात. पैशाची शिस्त तिथे आधीच लागलेली असते. त्यातल्याच सहा-सात जणींनी महिन्यातली एक बैठक फक्त घर आणि मुलं यांसाठी ठेवली तरी पुरे.

पहिल्या बैठकीला भाषण नको. प्रत्येकीने कागदांची पिशवी आणावी आणि एकमेकींचे कागद तपासावेत: नावाचं स्पेलिंग, पत्ता, सगळ्यात जुना पुरावा कोणत्या वर्षाचा. मूळ कागद कोणाकडेही ठेवायला देऊ नयेत, फोटो काढून दोन फोनमध्ये ठेवावेत. कोणाला नोटीस आली असेल तर तिच्यावरची तारीख आधी वाचायची, मजकूर नंतर, कारण मुदत त्या तारखेवरून मोजली जाते.

आणि वकील लागला तर पैशाअभावी अडून राहू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना आणि मुलांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि १५१०० हा क्रमांक देशभर चालतो. अर्ज बाईच्या नावाने करा, सोबत गटातली एक जण न्या, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.